दोन ते तीन

१

दुपारी दोन ते तीन वर्कशॉपमध्ये कुणी थांबायचं नाही. का, ते विचारायचं नाही.

पहिल्याच दिवशी काकांनी मला हे दोन नियम सांगितले आणि दुसरा सांगताना बोट वर केलं. मी तेव्हा एकवीस वर्षांची होते, हातात इंजिनिअरिंगची पदवी होती, आणि बोट वर करून बोलणाऱ्या माणसांचा मला लहानपणापासून तिटकारा आहे. पण लेथ मशीन त्यांचं होतं, ड्रिल त्यांचं होतं, भंगारातून जमवलेल्या विजेच्या मोटारींनी भरलेलं ते अख्खं कपाट त्यांचं होतं. मी मुकाट्याने मान हलवली. त्या मान हलवण्याचा मला आजही राग येतो.

वर्कशॉप म्हणजे गाड्या दुरुस्त करायची एक जुनी शेड. काका आणि त्यांचे सात मित्र तिथे गेली तीस वर्षं हौसेखातर यंत्रं बनवतात. त्यातल्या एकाही यंत्राचा कुणाला काडीचा उपयोग नाही, आणि तीच त्यातली मजा. काकांचं सहा पायांचं चालणारं यंत्र आहे. सरळ जायचं म्हणून निघतं आणि डावीकडे वळत वळत परत काकांच्याच पायाशी येतं. घड्याळकाकांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. त्यांचा पितळी पक्षी चोचीने पुस्तकाचं पान उलटतो, फक्त एका वेळी दोन. वेल्डिंग करणाऱ्या काकांना सगळे ठिणगी म्हणतात. त्यांचं यंत्र बटाटा सुरेख सोलतं आणि मग भिंतीवर फेकून मारतं. "बटाटा सोलला की नाही, ते सांग," ते म्हणतात. "पुढचं त्याचं तो बघेल."

दाराशी एक लाकडी फळी आहे. तिच्यावर नऊ खिळे आणि आठ पितळी बिल्ले, प्रत्येकावर आकडा. आलं की खिशातला बिल्ला आपल्या खिळ्यावर अडकवायचा, जाताना काढून न्यायचा. दोनला पाच मिनिटं कमी असताना घड्याळकाका फळीसमोर उभे राहतात आणि सगळे बिल्ले गेले की मोठ्याने ओरडतात, "फळी रिकामी!" मग काका मेन स्विच खाली ओढतात, दार लागतं, कुलूप पडतं. आत डोकावून बघायची पद्धत नाही. फळी सांगते ते खरं.

मला बिल्ला नव्हता. दोन वर्षं झाली तरी नव्हता.

"बिल्ला सभासदांना," काका म्हणायचे. "तू काय, घरचीच आहेस."

"मग तो नववा खिळा कशासाठी?"

"असाच ठोकलाय."

असाच! जो माणूस वॉशर दोन मापाने मोठा असला तर रात्रभर तळमळतो, त्याने खिळा असाच ठोकला होता.

२

मी हात बनवत होते.

खांद्यापासून बोटांपर्यंत. छत्रीच्या काड्यांची तीन बोटं, त्यांच्या शिरा म्हणजे सायकलच्या ब्रेकच्या तारा, कोपरात आणि मनगटात लहान मोटारी. त्याची खुबी अशी की त्याला काम शिकवता येतं. 'शिक'चं बटण दाबलं की मोटारी सैल पडतात. मग त्याचं मनगट धरायचं आणि हवं ते काम त्याच्याकडून एकदा करवून घ्यायचं, लहान मुलाचा हात धरून पाटीवर गिरवून घेतात तसं. कुठला सांधा कधी किती वळला, हे तळाशी बसवलेली चिप लिहून ठेवते. नंतर 'कर' दाबायचं. हात तेच काम एकटा करून दाखवतो.

रविवारी गावातल्या छांदिष्टांचं प्रदर्शन होतं. मोठ्या हॉलच्या मधोमध एक टेबल असतं, आणि वर्षातलं सगळ्यात देखणं यंत्र तिथे मांडतात. त्या टेबलावर माझा हात लागावा, खाली माझं नाव लागावं, एवढंच मला हवं होतं. काकांनी हो म्हटलं नव्हतं. नाही पण म्हटलं नव्हतं. "बघू," म्हणाले होते. थोरल्या माणसांचं "बघू" म्हणजे काय असतं, ते घरातल्या मुलींना विचारा.

मेन स्विच रोज बंद होतो म्हणून मी हाताला बॅटरी जोडली होती. दोन वाजता सगळं बंद केलं तर चिप विसरते आणि मग सगळं पहिल्यापासून मांडावं लागतं. बुधवारी मी त्याला स्क्रू उचलायला शिकवत होते. घड्याळकाका दाराशी ओरडायला लागले, "चला, चला, फळी! जेवण निवतंय!" मी ॲप्रन काढला, पिशवी उचलली आणि पळाले.

'शिक' चालूच राहिलं.

३

तीन वाजता परत आले तेव्हा हात जसा ठेवला होता तसाच पडला होता. बॅटरी संपली होती. नवी लावली, तर छोट्या पडद्यावर एका नव्या फाईलचा आकडा. सत्तावीस मिनिटं.

पहिली चार मिनिटं सरळ रेष. म्हणजे मी निघाल्यापासून दोन वाजेपर्यंत. दोनला रेषा हलल्या, सहाच्या सहा सांध्यांच्या, आणि दोन तेवीसला बॅटरीने मान टाकेपर्यंत हलतच राहिल्या.

मी आधी तारा तपासल्या. सांध्यांची मोजणी कधी कधी भरकटते. उष्णतेने, जवळच्या मोटारीने. पण भरकटलेली रेष करवतीच्या दातांसारखी दिसते. ही रेष माणसाची होती. उचलणं, थांबणं, नेम धरणं. आणि सैल सोडलेला हात आपणहून उठत नाही. कुणीतरी मनगट धरून उचलावा लागतो.

मी 'कर' दाबलं.

हात उठला. डावीकडे गेला, तिथे नसलेली एक वस्तू बोटांत धरली, तिचं टोक टेबलाच्या कडेवर दोनदा टकटक आपटलं आणि कामाला लागला. मी बघत राहिले. तो लहान स्क्रू पिळत होता. मग तार सोलली. मग सोल्डरिंग, टेकवायचं, श्वास रोखल्यासारखं थांबायचं, उचलायचं. समोर ना तार होती, ना स्क्रू, पण प्रत्येक हालचाल जागच्या जागी होती. चांगला हात होता. माझ्याहून चांगला, आणि हे कबूल करताना माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

दर चार-पाच मिनिटांनी तो आणखी एक गोष्ट करत होता. काम सोडून वर जायचा, जिथे माणसाचं डोकं असेल तिथे, एक बोट वाकवून मागच्या बाजूला हलकीशी कमान काढायचा आणि परत कामावर यायचा. ते कसलं काम, मला कळेना.

पण ती टकटक मला ठाऊक होती. हत्यार उचललं की कडेवर दोनदा आपटायचं ही आमच्या घरातली खोड आहे. बाबा जेवणाआधी चमचा आपटतात. काका पेचकस आपटतात. मी पेन आपटते. परीक्षेत शेजारची मुलगी वैतागायची.

म्हणजे काका. मधल्या वेळात गुपचूप येऊन, दुसऱ्या किल्लीने दार उघडून, माझ्या यंत्राची परीक्षा घेत होते. सगळ्या जगाला दोन ते तीन बंदी आणि स्वतःला मोकळं रान. डोक्यात तिडीक गेली.

४

आमचं घर वर, काकांचं खाली, आणि दुपारचं जेवण सगळ्यांचं काकांकडे. गुरुवारी ताटावर बसल्या बसल्या मी तोंड उघडलं.

"काका, काल माझ्या हाताला कुणी हात लावला?"

"कुणी लावणार?"

"मी विचारतेय."

"अगं, जेव आधी," काकू म्हणाल्या. "भांडायला अख्खी दुपार पडलीय."

"दोन वाजता कुणीतरी शेडमध्ये होतं. तेवीस मिनिटं. सुरुवातीला टेबलावर दोनदा टकटक केली. आपल्या घरची टकटक. मग सोल्डरिंग केलं. आणि मधूनमधून हे असं."

मी हात वर नेला, बोट वाकवलं आणि ती कमान करून दाखवली.

काकू हसल्या. "केस कानामागे घेतल्यासारखं? अगं, ह्यांना केस कुठायत!"

खरंच. काकांना टक्कल आहे. आठही सभासदांच्या डोक्यावर मिळून एक वेणी होणार नाही. मीही हसले असते, पण समोर काकांचा घास हातातच राहिला होता. आणि बाबांनी पाण्याचा पेला उचलला होता तो न पिताच खाली ठेवला. तेव्हा मला उशिराने एक साधी गोष्ट आठवली. बुधवारी दोन ते तीन काका याच खुर्चीत होते. माझ्यासमोर.

"मग कोण होतं?" मी विचारलं.

"उद्यापासून जाताना बॅटरी काढून ठेवायची," काका म्हणाले.

"का?"

"का ते विचारायचं नाही."

काकूंचं हसू कधी गेलं ते कळलंच नाही. त्या उठून आत गेल्या. बाबा अर्ध्या ताटावरून उठले.

मी त्यांना जिन्यात गाठलं. माझे बाबा शांत माणूस आहेत. सकाळच्या शाळेत गणित शिकवतात, आणि सख्ख्या भावाच्या वर्कशॉपमध्ये माझ्या आठवणीत त्यांनी एकदाही पाऊल टाकलेलं नाही. तिथे धुळीने शिंका येतात म्हणे.

"बाबा, आत्या वर्कशॉपमध्ये यायची का?"

आत्या म्हणजे काकांची आणि बाबांची धाकटी बहीण. मी दोन वर्षांची असताना ती गेली. घरात तिचा एकच फोटो आहे. लांब केस, हातात चिमटा, आणि फोटो काढणाऱ्यावर रागावलेली. तिला सगळे चिमटी म्हणायचे एवढंच मला माहीत होतं. का म्हणायचे, हे विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं.

"ती आजारी होती," बाबा म्हणाले.

"मी ते विचारलं नाही."

"छातीत काहीतरी झालं. दुपारची गेली."

"दुपारी किती वाजता?"

बाबांनी दार लावून घेतलं. माझ्या तोंडावर. माझ्या बाबांनी, ज्यांनी मला कधी साधं "थांब" म्हटलेलं नाही.

५

शुक्रवारी मी बॅटरी काढली नाही. मोठी लावली.

भुतांवर माझा विश्वास नाही. विश्वास माणसांच्या लबाडीवर आहे, आणि लबाडी पकडता येते. पोलादावर खुणा करायचा ठिणगीकाकांचा खडू मी कुटला आणि निघताना टेबलाभोवती त्याची पांढरी भुकटी पसरली. मागच्या खिडकीच्या कडीला दोरा बांधला. 'शिक' दाबलं. "फळी रिकामी!" ओरडणाऱ्या घड्याळकाकांच्या शेजारून बाहेर पडताना मी मुद्दाम मान वर करून चालले. मी त्यांच्या फळीवर नव्हतेच. मी आत राहिले असते तरी फळी रिकामीच असती, हे त्या क्षणी पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं.

तीनला सगळ्यांत आधी मी आत शिरले. दोरा शाबूत. भुकटीवर मुंगीचंसुद्धा पाऊल नव्हतं.

फाईल एक तास पाच मिनिटांची होती.

थोड्या वेळाने काकांचं सहा पायांचं यंत्र अंगणात चालवून बघायला सगळे बाहेर गेले. बाहेरून त्यांचा गलका ऐकू येत होता, "उजवीकडे, उजवीकडे... गेलं डावीकडे, झालं!" मी टेबलाशी बसले आणि 'कर' दाबलं.

दोन वाजल्यापासून पहिली एकतीस मिनिटं काम. तेच सुरेख काम, पेचकस, तार, सोल्डरिंग, मधूनमधून केस कानामागे. मी ते पुढे पळवलं नाही. बघत बसले. खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं. कुणीतरी माझ्या शेजारी बसून काम करत होतं, आणि दोन वर्षांत त्या शेडमध्ये मला असं कधी वाटलं नव्हतं.

मग एका स्क्रूच्या अर्ध्या पिळात हात थांबला.

थोडा वर उठला आणि अधांतरी राहिला. खोलीतला दिवा अचानक गेला की माणूस राहतो तसा. मग टेबलाच्या कडेने चाचपडत सरकला, अगदी सावकाश. कडा संपली. हात पुढे लांब झाला, कडीच्या उंचीवर गेला आणि ओढला. पुन्हा ओढला. मग बोटांची मूठ झाली आणि मूठ हवेत आपटू लागली.

आवाज नव्हता. हवेत कसला आवाज होणार? मोटारींची बारीक घरघर आणि बाहेर म्हाताऱ्यांचं हसणं. ते मला सहन होईना. शेजारी नटबोल्टचा लोखंडी ट्रे होता. मी तो रिकामा केला आणि मुठीसमोर उभा धरला.

टकटक. थांबून पुन्हा टकटक.

आधी अगदी सभ्यपणे. कुणी चुकून बाहेरून कडी लावली की आपण वाजवतो तसं, थोडं स्वतःशीच हसत. मग जरा जोरात. मग थांबेनासं झालं. ट्रे माझ्या हातात थरथरत होता; मी दोन्ही हातांनी तो धरून ठेवला. मूठ उघडून पंजा झाला. पंजाची तीन बोटं झाली. तिन्हींचं एक झालं, आणि ते एक बोट, लांब लांब थांबून, वाजवत राहिलं. टकटक. दोनच. आमच्या घरची.

दोन एक्कावन्नला हात खाली आला. जाता जाता त्याने एकदा केस कानामागे घेतले. मग टेबलावर उताणा पडला, आणि तिथून पुढे सरळ रेष होती.

बाहेर काकांचं यंत्र डावीकडे वळत परत आलं असावं. सगळे टाळ्या वाजवत होते.

६

शनिवारी प्रदर्शनाचं सामान टेम्पोत चढवायला सगळे पुन्हा बाहेर होते. हात जे दार वाजवत होता ते शोधत मी शेडच्या मागच्या भिंतीशी गेले. तिथे पत्र्याचा एक उंच रॅक आहे. त्यावरचं काहीच कधी कुणी खाली काढत नाही. त्या दिवसापर्यंत मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. म्हातारी माणसं काहीही साठवतात.

रॅकला खांदा लावला. मागे लोखंडी दार निघालं.

शेड गाड्यांची होती तेव्हा ती रंग मारायची खोली असणार. बिनखिडकीची. वर एक हवा ओढणारा पंखा, तोही मेन स्विचवरच चालणारा. रंगाचा, पातळ रसायनांचा उग्र वास शेडमध्ये येऊ नये म्हणून दाराला कडी होती. बाहेरून. आतून काहीच नव्हतं.

कडी काढली आणि मोबाईलचा दिवा आत धरला. फार वेळ नाही. चार-पाच श्वास असेल.

एक स्टूल. एक टेबल. दाराच्या आतल्या बाजूला, माझ्या खांद्याइतक्या उंचीवर, रंग उडालेला, पण एका जागी नाही. शेजारी शेजारी दोन पोचे. त्याखाली दोन. त्याखाली, कमी खोल, दोन.

आणि टेबलावर, धुळीखाली, एका फडक्यावर नीट मांडून ठेवलेली तीन बोटं. छत्रीच्या काड्यांची. ब्रेकच्या तारा अर्ध्या ओवलेल्या. मनगटाजवळ एक स्क्रू अर्धा पिळलेला.

माझा हात मी स्वतः रेखाटला होता. त्याचा आराखडा कुणालाही दाखवला नव्हता. मला कुणी दाखवला नव्हता. मी आजही शपथेवर सांगेन.

मी दार लोटलं. कडी मात्र लावली नाही. ती लावायला माझा हातच धजेना.

७

दोनला वीस मिनिटं कमी असताना सगळे आत आले आणि रॅक सरकलेला त्यांना दिसला.

आठ माणसं. तीस वर्षं एकमेकांच्या यंत्रांची थट्टा करणारी. पहिला आवाज घड्याळकाकांचा निघाला. ते माझ्याशी बोलत नव्हते, फळीशी बोलत होते.

"फळी रिकामी होती," ते म्हणाले. "मी दोनदा बघितली होती. रिकामी होती."

"घड्याळ, गप्प बस," ठिणगीकाका म्हणाले.

"बिल्ला नव्हता म्हणून नव्हता दिसला! मी काय करायला हवं होतं?"

"आत डोकावायला हवं होतं," मी म्हणाले. "एक हाक मारायला हवी होती."

"पोरी," काका म्हणाले. आवाज शांत होता, तोच बोट वर करणारा. "तुला माहीत नाही ते बोलू नकोस. त्या दिवशी निघायला अडीच वाजून गेले होते, घाईत होतो. रोजची सवय. दार दिसलं की कडी लावायची. तेव्हाही..." ते थांबले. "तीनला आलो."

"कडी कुणी लावली?"

ठिणगीकाका स्वतःच्या बुटांकडे बघत होते.

"मग आजारी होती, छातीने गेली, हे कुणी ठरवलं?"

"घराची अब्रू होती. तुझ्या आजीला काय सांगायचं होतं आम्ही?"

"आणि तिचा बिल्ला कुठे होता, काका?"

"ती घरचीच होती," काका म्हणाले.

घरचीच! एकवीस वर्षं या माणसांनी हे एकमेकांना सांगितलं होतं, फळी रिकामी होती, फळी रिकामी होती, आणि तीच फळी दाराशी टांगलेली ठेवून तिच्यासमोर रोज ओरडले होते. नियम बदलला नाही. हाक मारायला शिकले नाहीत. फक्त एक खिळा ठोकला, रॅक सरकवला, आणि दोन ते तीन कुणी ऐकायला थांबू नये एवढी व्यवस्था केली.

काकांनी खिशात हात घातला आणि एक नवा बिल्ला काढला. पितळ चकचकत होतं. आकडा नऊ.

"उद्या सगळ्यांसमोर देणार होतो," ते म्हणाले. "आजच घे. तू सभासद. मधलं टेबल तुझं, पाटीवर नाव तुझं. ते हातात जे काय भरलंय ना, तेवढं पुसून टाक. बाकी काही नको."

"पुसून टाक गं," घड्याळकाका म्हणाले. ते रडत होते. "आम्ही आता किती दिवसांचे?"

ही त्यांची आणखी एक युक्ती. आयुष्यभर आम्हाला दरडावायचं आणि शेवटी म्हातारं व्हायचं. मला त्यांची दया आली, आणि तिचाही मला संताप आला. मधलं टेबल मला हवं होतं. देवाशप्पथ हवं होतं. त्या क्षणीसुद्धा मला त्या पाटीवरची माझी अक्षरं दिसत होती.

मी बिल्ला घेतला. काकांनी सुस्कारा सोडला.

मी फळीपाशी गेले आणि तो नवव्या खिळ्यावर अडकवला.

"हा तिचा आहे," मी म्हणाले. "मी काहीही पुसणार नाही. उद्या हात टेबलावर लागला तर तो हीच फाईल करून दाखवेल, लोखंडी ट्रे समोर ठेवून, पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत, आणि बाबा पहिल्या रांगेत बसतील. टेबल नसेल द्यायचं तर नका देऊ. मी रस्त्यावर मांडेन."

"दोन वाजत आले," ठिणगीकाका पुटपुटले. सवयीने त्यांचा हात स्वतःच्या बिल्ल्याकडे गेला. एकेक करत आठही बिल्ले निघाले. मी बघत होते. इतकं सगळं झालं तरी पाय बाहेरच ओढत होते. काकांनी मेन स्विचच्या दांड्याला हात घातला.

"फळी बघा, घड्याळकाका," मी म्हणाले.

त्यांनी बघितली.

"काय दिसतंय? मोठ्याने सांगा, रोज सांगता तसं."

नववा बिल्ला दाराच्या झुळकीने खिळ्यावर हलकेच डुलत होता.

"फळी रिकामी नाही," मी म्हणाले. "बिल्ला असताना कुलूप लागत नाही. मेन स्विच पडत नाही. कुणी जात नाही. नियम तुमचाच आहे. मी आज इथून हलणार नाही, आणि तुम्हीही नाही."

मी स्टूल ओढून टेबलाशी बसले. 'शिक' दाबलं. सैल हात माझ्यासमोर पडला होता, तीन बोटं किंचित वळलेली. पडद्यावर सहा सांध्यांच्या सहा सरळ रेषा. मागे ते लोखंडी दार, लोटलेलं, कडी न लावलेलं.

काकांनी दांड्यावरचा हात काढला. तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना मला सांगायला नियम सापडला नाही.

घड्याळकाकांच्या भिंतीवरच्या घड्याळाने दोनचे ठोके दिले.

रेषा हलल्या. माझ्यासमोर, भर दुपारच्या उजेडात, हात टेबलावरून उचलला गेला, डावीकडे गेला आणि कडेवर दोनदा टकटक केली. मी माझं पेन घेतलं आणि उत्तरादाखल दोनदा आपटलं.

माझ्या मागे आठ माणसं उभी होती. एकानेही विचारलं नाही, कोण आहे म्हणून.